टोल्याचं घड्याळ थांबलं? आधी कान लावा

गणपतीच्या आधी आमच्या बेळगावच्या अनगोळात घरोघरी रंगाचे डबे उघडतात आणि लगेच दोन-तीन ठिकाणांहून बोलावणं येतं, "काका, घड्याळ बंद पडलंय, जरा बघून जावा की." मी काही घड्याळजी नव्हे. उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर तीस वर्षं काढली आणि वडिलांचं लंबकाचं घड्याळ आजवर चालतं ठेवलं, एवढंच. पण बहुतेक वेळा मशीनला काही झालेलंच नसतं. रंगासाठी उतरवलेलं घड्याळ परत खिळ्याला अडकवताना केसभर वाकडं लागलेलं असतं.

म्हणून आधी हत्यारं बाजूला ठेवा. लंबक हलवा आणि डोळे मिटून ऐका. टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं पाहिजे. एक ठोका लवकर आणि दुसरा उशिरा पडत असेल, तर ते घड्याळ थोड्या वेळात थांबणारच. आमच्या घरात हे मला कळायच्या आधी स्वयंपाकघरातून ऐकू येतं, "लंगडत चालूलालंय बघा तुमचं म्हातारं!"

पेटीचा खालचा भाग डावीकडे किंवा उजवीकडे जरा-जरा सरकवत जा. ठोके सारखे पडले की थांबा आणि पेटीच्या कडेनं भिंतीवर पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवा. मी सुरुवातीला वर्कशॉपातली स्पिरिट लेव्हल घेऊन बसायचो. पेटी अगदी लेव्हलला, तरी घड्याळ बंद! पेटी सरळ दिसणं वेगळं, ठोका सारखा पडणं वेगळं. दोन्ही हवं असेल तर मागे लंबकाची दांडी ज्या तारेच्या काट्यात अडकते, तो काटा किंचित वाकवावा लागतो. पेटीचा तळ ज्या बाजूला सरकवल्यावर ठोका जमतो, त्याच बाजूला काट्याचं खालचं टोक वाकवायचं. वाकवताना वरचा भाग दुसऱ्या हातानं धरा, नाहीतर जोर आत दातांवर जातो.

ठोका सारखा आहे तरी थांबतंय? मग रोज एकाच वेळेला थांबतं का ते बघा. तसं असेल तर काटे एकमेकांना किंवा काचेला घासतायत. एकमेकांना लागत असतील तर मिनिट काटा बोटानं जरासा आपल्याकडे ओढा, काचेला लागत असेल तर जरासा आत दाबा, काम झालं. पावसाळ्यात लंबक मागच्या फळीला लागतो का तेही बघा. खानापूरकडच्या एका घरात तर लंबकामागे कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं, आणि मी अर्धा तास चाकं तपासत बसलो होतो.

लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीवर लटकतो तिला मुरड पडली असेल तर ती सरळ करत बसू नका, नवी घाला. घड्याळ उतरवताना लंबक आधी काढला तर ही वेळच येत नाही.

आता तेल. माझी मोठी चूक इथलीच. पंचविशीत मी कारखान्यातलं मशीन ऑइल आणून सगळ्या चाकांवर सोडलं. दोन महिने घड्याळ मस्त चाललं, मग त्या तेलात धूळ बसून काळा चिखल झाला आणि सगळं जाम. खोबरेल तर नकोच, थंडीत थिजतं. घड्याळाचंच तेल घ्या, सुईच्या टोकावर येईल तेवढंच, आणि ते फक्त पितळी पत्र्यात आसांची टोकं फिरतात तिथं सोडा. चाकांचे दाते कोरडेच राहू द्या. जुनं तेल हिरवं-काळं होऊन चिकटलं असेल तर त्यावर नवं घालून उपयोग नाही, मशीन खोलून धुवावं लागतं. जास्त किल्ली दिल्यानं घड्याळ अडकलं असं म्हणतात, त्यात खरा दोष बहुधा या चिकट्याचा किंवा झिजेचा असतो. मशीन खोलायचं काम मात्र घरी करू नका. किल्ली दिलेली मुख्य स्प्रिंग सुटली तर बोट फोडते. माझ्या अंगठ्यावर खूण आहे.

वेळ मागे पडत असेल तर लंबकाखालची चकती फिरवून गोळा वर घ्या, पुढे जात असेल तर खाली. 25 सेंटिमीटरच्या लंबकात एक मिलिमीटरचा फरक म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन मिनिटं. उभ्या मोठ्या घड्याळाचा लंबक साधारण मीटरभर असतो, तिथं तेवढ्याच फरकाला पाऊण मिनिटसुद्धा होत नाही. आज फिरवा, उद्या त्याच वेळेला बघा. तासातासाला चाळा करू नका.

काटा चारवर आणि टोले सात, असं झालं तर टोले मोजा आणि तास काटा हलक्या हातानं सातवर न्या. बहुतेक घड्याळांत तो नुसता घट्ट बसवलेला असतो. मग मिनिट काटा पुढे फिरवत, प्रत्येक तासाचे टोले पूर्ण होऊ देत, खऱ्या वेळेवर या.

एवढं करूनही चाललं नाही तर घड्याळजीकडे न्या. लंबक वेगळा, वर्तमानपत्रात गुंडाळून. आणि पेटीत ठेवलेली किल्ली घ्यायला विसरू नका. आमचा एक शेजारी ती घरीच ठेवून गेला होता आणि किल्लीसाठी पुन्हा बसनं अनगोळला आला.