एअर शोसाठी लेन्स निवडताय? या चुका टाळा (आमच्या सगळ्या करून झाल्यात)

हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरती पथकाची नऊ विमानं एकमेकांना चिकटून समोरून आली आणि माझ्या फ्रेममध्ये साडेचार मावली. भाड्याने आणलेली १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स, अनामत रक्कम भरलेली, रात्रभराचा रेल्वे प्रवास, आणि हाती काय आलं तर चार शेपट्या आणि अर्धा पंख. शेजारी भाचा उभा होता, त्याच्याकडे माझीच जुनी ५५-२५० किट लेन्स, कॅमेऱ्यासोबत मिळालेली. त्याने पुढच्याच मिनिटाला कॅमेरा माझ्यापुढे धरला. सगळी नऊच्या नऊ, मागे धुराचे पट्टे, वर थोडं आभाळही शिल्लक.

आधी एक गंमत सांगतो. सूर्यकिरणचा तळ बीदरला. १९९६ मध्ये किरण विमानांवर हे पथक तिथेच उभं राहिलं. आता ते हॉक एमके १३२ उडवतं. बीदर आमच्या उदगीरहून दीड-दोन तासांवर. पण कसरती नीट बघायच्या तर लातूर-यशवंतपूर गाडीत बसायचं, बीदर स्टेशन झोपेत ओलांडायचं आणि बंगळुरूजवळच्या येलहंक्याला एअरो इंडिया हा एअर शो गाठायचा. शेजारच्या घरातलं लग्न बघायला बंगळुरूला जाण्यासारखं हे! जवळचा पर्याय म्हणजे हैदराबादला बेगमपेटवर भरणारं विंग्ज इंडिया. तिकडे नांदेड-परभणीची मंडळी रात्रीच्या गाडीने जाऊन येतात.

लग्नाचे फोटो काढणारा माणूस एअर शोला गेला की त्याला वाटतं, आपल्याला कॅमेरा येतोच, फक्त लेन्स मोठी लागेल. मलाही तसंच वाटलं होतं.

नुसत्या मिलिमीटरला भुलणं

दुकानात पहिला प्रश्न हाच असतो, "जास्तीत जास्त किती एमएम?" भाचाही निघताना म्हणाला होता, "मामा, सहाशेच घ्या की, जवळ दिसंल." जवळ दिसलं, पण निम्मंच पथक दिसलं.

याचा हिशोब साधा आहे, कागदावर करता येतो. विमानाची लांबी गुणिले लेन्सचे मिलिमीटर, भागिले अंतर. उत्तर येतं ते सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेचे मिलिमीटर. हॉक साधारण साडेबारा मीटर लांब. ते ५०० मीटरवरून आडवं जात असेल आणि लेन्स ४०० ला असेल, तर प्रतिमा १० मिलिमीटरची. आपल्याकडे बहुतेकांकडे असतो त्या क्रॉप सेन्सरची, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची, रुंदी २२ ते २४ मिलिमीटर. म्हणजे विमान फ्रेमचा चाळीस-पंचेचाळीस टक्के भाग घेतं. छान फोटो. त्याच जागी सुखोई-३० आलं, जे जवळजवळ २२ मीटरचं आहे, तर ते फ्रेमचा तीन चतुर्थांश भाग भरून टाकतं. जरा हात हलला की नाक कापलं.

आता नऊ विमानं घ्या. सगळा पसारा पन्नास-साठ मीटरचा धरा. ५०० मीटरवर २०० एमएमलाच फ्रेम काठोकाठ भरते, धुराला आणि आभाळाला जागाच उरत नाही. १५० किंवा १०० लागतं. माझी लेन्स १५० पर्यंत मागे येत होती, नाही असं नाही. पण मी आदल्या एकट्या विमानासाठी ६०० ला नेऊन ठेवलेली, आणि या मोठ्या झूमची रिंग एका झटक्यात फिरत नाही. मनगट दोनदा वळेपर्यंत नऊही विमानं डोक्यावरून पार.

त्यामुळे लेन्सची वरची बाजू बघताना खालची बाजूही तेवढीच बघा. एकट्या विमानाच्या कसरती हव्यात की पथकाची रचना, ते आधी ठरवा. दोन्ही हवं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: क्रॉप बॉडीवर १००-४०० या पट्ट्यातली लेन्स. फुल फ्रेम असेल तर मात्र १५०-६०० किंवा २००-६०० ला अर्थ आहे, आणि तेव्हा दुसऱ्या बॉडीवर ७०-२०० गळ्यात हवी.

किट लेन्सला कमी लेखणं

क्रॉप सेन्सरवर दृश्य फुल फ्रेमपेक्षा कॅननमध्ये १.६ पट, निकॉन-सोनीत १.५ पट जवळ दिसतं. कॅननची ५५-२५० त्यावर ४०० सारखं दृश्य देते, आणि तिच्या एसटीएम प्रकाराचं वजन जेमतेम पावणेचारशे ग्रॅम. ७०-३०० असेल तर साडेचारशे-चारशे ऐंशीपर्यंत गेलात. पहिल्या एअर शोसाठी हे पुरेसं आहे. खरंच. कसरती करणारी विमानं प्रेक्षकांसाठीच उडतात, ती क्षितिजापलीकडे जाऊन बसत नाहीत. किलोमीटरभर लांब गेलेलं विमान सहाशेनेही फारसं चांगलं येत नाही. त्याचं कारण पुढे सांगतो.

वजन न उचलता लेन्स ठरवणं

निकॉनची २००-५०० कॉलरसकट २.३ किलोची. सिग्मा, टॅमरॉनच्या १५०-६०० दोन किलोच्या आसपास. बॉडी धरून तीन किलो. दुकानात ए.सी.त दोन मिनिटं धरली की काहीच वाटत नाही. येलहंक्याला एडीव्हीएच्या मैदानात, म्हणजे साध्या तिकिटाच्या प्रेक्षकांच्या जागेत, सावली नसते, आणि मान वर करून तेच तीन किलो डोळ्याला लावून धरायचे असतात. तासाभराने डावा हात असा थरथरायला लागला की लेन्समधल्या थरथर शमवणाऱ्या स्टॅबिलायझरनेही हात टेकले असते.

ट्रायपॉड नेऊ नका. गर्दीत लोकांच्या पायात येतो आणि डोक्यावरून जाणाऱ्या विमानामागे फिरत नाही. मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, टॅक्सीवेवरून सरकणाऱ्या विमानापुरता ठीक. खरा उपाय हातातच आहे: डावा तळवा लेन्सच्या खाली, कोपर बरगडीला टेकलेला, कमरेतून वळायचं. आणि विमान वळण घेऊन परत येईपर्यंत कॅमेरा खाली ठेवायचा. नवखा माणूस रिकाम्या आभाळाकडे बघत कॅमेरा धरून बसतो आणि विमान येईपर्यंत दमतो.

लेन्स भाड्याने घेणार असाल तर दुकानातच दहा मिनिटं उभ्याने डोळ्याला लावून ठेवा. दुकानदार हसेल, हसू द्या.

एफ २.८ चा हट्ट

एफचा आकडा लहान तितका लेन्समधून प्रकाश जास्त. मंडपातल्या पिवळ्या दिव्यांत एफ २.८ लागतं, आभाळात उन्हात लागत नाही. तिथे आपण एफ ७.१ किंवा ८ वरच असतो. बहुतेक झूम लेन्स तिथे अधिक रेखीवही देतात. एफ ६.३ वाली लेन्स एअर शोला अजिबात गरीब नाही. मात्र लग्नासाठीची ७०-२०० घरात असेल तर आणाच, पथकाच्या रचनांसाठी सोनं आहे ती.

लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावून मिलिमीटर वाढवणाऱ्या टेलिकन्व्हर्टरबद्दल एवढंच: १.४ पटीचा लावला की एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश जातो, २ पटीचा लावला की दोन. एफ ५.६ ची लेन्स एफ ८ किंवा ११ होते, आणि जुन्या डीएसएलआरचा ऑटोफोकस तिथे चाचपडायला लागतो किंवा बंदच पडतो. झूम लेन्सवर २ पटीचा कन्व्हर्टर म्हणजे पैसे देऊन फोटो मऊ करून घेणं.

हेलिकॉप्टर खेळण्यातलं दिसतं? दोष लेन्सचा नाही

हवाई दलाच्या सारंग पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरं मी १/२००० सेकंदाच्या शटरला टिपली. फोटो लखलखीत. पण पाती अशी थिजलेली, की वाटावं दोऱ्याने टांगलंय. ध्रुवचं मुख्य पातं मिनिटाला साधारण तीनशे फेरे घेतं. १/१२५ सेकंदात ते चौदा-पंधरा अंश फिरतं आणि फोटोत गती येते. १/२००० मध्ये एक अंशही धड फिरत नाही. जेटला १/१००० ते १/२००० द्या, हेलिकॉप्टर आणि पंख्याच्या विमानांना १/१२५ ते १/२५०.

आता लेन्सशी याचा संबंध असा की १/१२५ ला सहाशे एमएम हातात स्थिर धरणं फार थोड्यांना जमतं. दोनशेला जमतं. सारंगसाठी मी आता मोठी लेन्स पिशवीतच ठेवतो.

भाड्याची लेन्स आली तशी वापरणं

पहिल्या दिवशीचा अर्धा तास मी फोकस होत नाही म्हणून कॅमेऱ्याला शिव्या देत होतो. बॉडीवरच्या सगळ्या सेटिंग चाळल्या. शेवटी भाच्याने लेन्सच्या कडेला बोट ठेवलं: एएफ-एमएफचं बटण एमएफवर, म्हणजे फोकस हाताने करायचा. आधीच्या गिऱ्हाइकाने तसंच ठेवलेलं, देणाऱ्याने बघितलं नाही, आणि मी तर त्याहून शहाणा.

मोठ्या लेन्सवर तीन-चार बटणं असतात, ती मैदानात पोचायच्या आत बघा. फोकस लिमिटर दूरच्या पट्ट्यावर ठेवा, म्हणजे निळ्या आभाळात विमान निसटलं की लेन्स पार दोन मीटरपासून शोध घेत बसत नाही. स्टॅबिलायझर पॅनिंगच्या, म्हणजे विमानामागे कॅमेरा फिरवण्याच्या, मोडवर ठेवा, कॅनन-सिग्मामध्ये मोड २, निकॉनच्या नव्या लेन्सवर स्पोर्ट. पण विमान सारखी दिशा बदलत असेल, गिरक्या घेत असेल तर हा मोड गोंधळू शकतो. वेगवान शटर असेल तर स्टॅबिलायझर सरळ बंद करा. बॉडीवर सतत फोकसचा मोड आणि एका ठिपक्याऐवजी ठिपक्यांचा लहान गट.

स्वस्त यूव्ही फिल्टर काढून ठेवा आणि हूड लावा. मैदानात लेन्स बदलू नका. आमच्या काळ्या मातीची धूळ काय किंवा तिकडची तांबडी काय, सेन्सरवर बसली की साध्या फोटोत दिसत नाही. निळ्या आभाळात मात्र प्रत्येक कण विमानासारखा उडताना दिसतो.

घरी आल्यावर फोटो मोठा करून बघा, दोष कोणाचा ते तोच सांगतो

सगळं एकाच दिशेने ओढल्यासारखं पुसट असेल तर पॅनिंगचा वेग चुकला किंवा शटर हळू होतं. विमान धूसर पण मागचा ढग रेखीव असेल तर फोकस ढगावर गेला. नाक स्पष्ट आणि पंखाचं टोक पुसट असेल तर विमान गिरकी घेत होतं, त्यात तुमची चूक नाही. विमान काळं ठिक्कर आलं तर आभाळाच्या उजेडाने मीटर फसलं, एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवायला हवं होतं.

आणि कडा लाटांसारख्या हलल्यागत दिसत असतील, जणू पाण्याखालून फोटो काढलाय, तर ती तापलेली हवा. आपल्याला हे सांगायला नको. एप्रिलमध्ये लातूर-नांदेड रस्त्यावर दुपारी पुढे पाणी साचल्यासारखं दिसतं, ते मृगजळ हेच. जमिनीलगतची हवा तापते, तिची घनता जागोजागी बदलते आणि प्रकाश वाकडातिकडा होऊन येतो. काँक्रीटची धावपट्टी तर तवाच. लेन्स जितकी मोठी तितकी ही थरथरही मोठी होऊन येते, म्हणून लांबच्या विमानाला सहाशे लावून हाती काही लागत नाही. दोन लाखांची लेन्सही यावर इलाज नाही. सकाळचं सत्र पकडा, धावपट्टीवरच्या दूरच्या विमानांचा नाद सोडा, आणि विमान वर, जवळ आलं की काढा. तापलेल्या गाडीच्या डिकीतून लेन्स काढली असेल तर तिलाही थंड व्हायला पंधरा-वीस मिनिटं द्या. आतली हवा तापलेली असली तर तीच थरथर नळीच्या आत सुरू असते.

हे माझ्याकडे पहिल्या दिवशी दुपारी काढलेल्या जवळपास सगळ्या फोटोंत होतं. मी आठवडाभर "लेन्सच खराब दिली" म्हणत फिरत होतो. परत करताना तेवढंही बोलून झालं, त्याची आता लाज वाटते.

सराव न करता जाणं

एअर शोची पहिली फेरी हा सरावाचा वेळ नाही. आठवडी बाजारावर घिरट्या घालणाऱ्या घारी पुरेशा आहेत. हिवाळ्यात पैठणला नाथसागरावर गेलात तर उडणारे पक्षी हवे तेवढे. अचानक वळणारी घार फ्रेममध्ये ठेवता आली तर हॉक सोपं वाटतं, ते निदान धूर सोडत ठरल्या वाटेने जातं. रस्त्याकडेला उभं राहून मोटरसायकली १/१२५ ला टिपा, म्हणजे हेलिकॉप्टरचा हात बसेल. सरावासाठी हवाई दलाच्या तळाच्या कुंपणापाशी कॅमेरा काढायचा विचार मात्र डोक्यात आणू नका. तिथे मनाईची पाटी असते आणि ती शोभेसाठी लावलेली नसते.

विकत घ्यायची की भाड्याने? एअरो इंडिया दोन वर्षांतून एकदा. लग्नाच्या धंद्यात १५०-६०० ला काम नाही. नवरदेवाच्या नाकपुड्या मोजायच्या असतील तर गोष्ट वेगळी. पक्ष्यांचा छंद असेल तर घ्या, नाहीतर हप्ते भरत बसू नका, चार दिवस भाड्याने आणा.

भाच्याचा तो नऊ विमानांचा फोटो मी मोठा करून स्टुडिओत लावलाय, काउंटरच्या मागे. पासपोर्ट फोटोला आलेले लोक मान वर करून बघतात आणि विचारतात, "हे बीदरला काढलं का?" मी म्हणतो, "विमानं बीदरचीच." कोणी काढला ते विचारलं, तर भाचा मध्येच बोलतो.