महागडी संग्राह्य वस्तू पारख्यामार्फत खरेदीदाराकडे कशी पाठवावी

तुम्ही अस्सल नाणं पाठवलंत. खरेदीदार म्हणतो, मला मिळालं ते नकली आहे. कदाचित तो खोटं बोलतोय, कदाचित वाटेत कोणी हात मारला. तिसऱ्या माणसाला यातलं काय ते कसं कळणार? म्हणूनच विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये पारखी बसवायचा. वस्तू खरी की खोटी ते तो सांगेल. पण त्याच्या टेबलावर आलेली वस्तू तुमचीच आहे, हे दाखवण्याची सोय तुम्हालाच आधी करून ठेवावी लागते.

आधी मार्ग ठरवा. एक म्हणजे विकण्यापूर्वीच वस्तू तपासून घेणं. नाण्यांसाठी पीसीजीएस (१९८६ पासून) आणि एनजीसी (१९८७ पासून), खेळाडूंच्या कार्डांसाठी पीएसए, कॉमिक्ससाठी सीजीसी या जुन्या संस्था आहेत. त्या वस्तू पारखतात, दर्जा ठरवतात आणि प्लॅस्टिकच्या कडक डबीत बंद करून देतात. संग्राहक या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. नाण्यांचा दर्जा १ ते ७० आणि पीएसएच्या कार्डांचा १ ते १० या मापात असतो. दुसरा मार्ग विक्रीनंतरचा : माल थेट खरेदीदाराकडे न जाता तपासणी केंद्रात जातो, पास झाला तरच पुढे सरकतो. ईबेने २०२० मध्ये घड्याळं आणि स्नीकर्सपासून अशी व्यवस्था सुरू केली. एस्क्रो मात्र यात मोजू नका. तिथे पैसे अडकवून ठेवतात, वस्तू कोणी पारखत नाही.

खरेदीदारानेच ‘माझ्या ओळखीचं केंद्र आहे, ही लिंक घ्या’ असं म्हटलं, तर तिथेच थांबा. केंद्राचं संकेतस्थळ स्वतः शोधून उघडायचं, आलेल्या दुव्यावरून नाही.

आता फोटो, आणि इथे घाई करू नका. जाहिरातीतले देखणे फोटो इथे उपयोगाचे नाहीत, इथे व्यंगच कामाला येतं. नाण्याच्या काठावरचा बारीक खोक, त्यावरच्या राजाच्या गालावरचा ओरखडा, कार्डाच्या एका कोपऱ्यातला पांढुरका झालेला ठिपका : हे दुसऱ्या नगावर नेमक्या त्याच जागी सापडणार नाहीत. दिवा तिरका धरा, म्हणजे ओरखडे उठून दिसतात. नाण्याचं वजन दोन दशांशांपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर करा आणि आकड्यासकट फोटो घ्या. (अमेरिकेच्या मॉर्गन डॉलरचं प्रमाण वजन २६.७३ ग्रॅम आहे. झिजलेलं नाणं थोडं कमी भरतं.) वस्तू स्लॅबमध्ये असेल तर त्यावर छापलेला नंबर संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. मात्र नंबर जुळला म्हणजे झालं असं नाही. बनावट स्लॅबवर खरे नंबरही छापले जातात. तिथे मूळ फोटो असेल, तर तोच ओरखडा हातातल्या नाण्यावर शोधा.

पाठवण्यापूर्वी नाणं चमकवण्याचा मोह आवरा. घासलेल्या नाण्याला नेहमीचा आकड्यातला दर्जा मिळत नाही, ‘साफ केलेलं’ असा शेरा पडतो आणि भाव कोसळतो.

पॅकिंग करताना एकच बघायचं : आत काही हलता कामा नये. नाण्यासाठी पीव्हीसीची मऊ पाकिटं नकोत, त्यांतून सुटणाऱ्या रसायनाने नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. कार्ड आधी पातळ कव्हरात आणि मग कडक कव्हरात घालायचं, तोंडाला रंगकामात वापरतात ती कागदी चिकटपट्टी लावायची आणि तिचं टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे उघडणाऱ्याला धरायला जागा मिळते. मी एकदा साधी चिकटपट्टी गच्च दाबून लावली होती. समोरच्याने ती हिसका देऊन ओढली, कार्ड सटकलं आणि कोपरा दुमडला. चूक शंभर टक्के माझी. तेव्हापासून टोक दुमडल्याशिवाय पाकीट बंद करत नाही.

वस्तू खोक्यात ठेवण्यापासून कुरिअरची पावती हातात येईपर्यंत एकच अखंड व्हिडिओ काढा. बंद पार्सलाचं वजन पावतीवर लिहून घ्या. पुढे पार्सल हलकं भरलं, तर गडबड वाटेत झाली हे सांगायला तोच आकडा उपयोगी पडेल. खोक्यावर ‘दुर्मीळ नाणी’ वगैरे लिहून चोराला आवतण देऊ नका. परदेशी पाठवताना कस्टम्सच्या फॉर्मवर मात्र वस्तूचं नाव आणि किंमत खरीच लिहायची.

विम्याच्या अटी नीट वाचा. बऱ्याच कुरिअर कंपन्या नाणी आणि दागिने घेतच नाहीत किंवा भरपाईला मर्यादा घालतात. शिवाय प्रवास दोन टप्प्यांचा आहे : तुमच्याकडून केंद्रापर्यंत आणि केंद्रापासून खरेदीदारापर्यंत. दुसऱ्या टप्प्यात माल हरवला तर जबाबदारी कोणाची, हे केंद्राकडून लेखी घ्या. पोच सहीशिवाय नको.

शेवटी परतीचं ठरवा. माल परत येणार असेल तर त्याच केंद्रातून, पुन्हा तपासून यावा आणि त्यांनी लावलेला टॅग किंवा सील शाबूत असावं, ही अट विक्रीच्या वेळीच लिहून टाका. परत आलेलं पार्सल उघडतानाही कॅमेरा चालू ठेवा आणि पहिल्यांदा तोच गालावरचा ओरखडा शोधा.