ग्राउंड पॉवर सॉकेटची वायरिंग: या चुका टाळा

छोट्या विमानाला बाहेरून वीज द्यायची सोय करायची म्हटलं की सगळं लक्ष जाड केबलकडे जातं. खरी गोम बारक्या पिनेत आहे.

नेहमीच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये दोन जाड पिना असतात, एक प्लस आणि एक मायनस. तिसरी बारीक, तीही प्लसच, पण आखूड. प्लग घालताना जाड पिना आधी नीट बसतात, मग बारकीला करंट मिळून कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) ओढला जातो. काढताना बारकी आधी सुटते, त्यामुळे जाड पिना सुटताना त्यांतून करंट नसतो आणि ठिणगी पडत नाही. पेट्रोलच्या टाक्या जवळच असतात, हे विसरू नका.

आता सगळ्यात वाईट चूक. वायर वाचवायला कॉइल सरळ जाड प्लस पिनेवर जोडतात. सगळं व्यवस्थित चालतं, म्हणून शंकाही येत नाही. पण प्लग काढला की विमानाची बॅटरी ओढलेल्या कॉन्टॅक्टरमधून उलटी त्याच पिनेवर येते, कॉइलला धरून ठेवते आणि उघडी पिन जिवंत राहते. कॉइल बारक्या पिनेवरच घ्या, आणि त्या वायरला पिनेजवळच छोटा फ्यूज द्या.

त्याच वायरमध्ये सिरीजला एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवा, म्हणजे प्लस-मायनस उलटं असलं तर कॉन्टॅक्टर लागणारच नाही. कॉइलच्या दोन टोकांमध्ये आडवा दुसरा डायोड असतो, त्याच्या अंगावरची पट्टी प्लसकडे. तो उलटा बसला तर प्लग घालताच फ्यूज उडतो. जास्त व्होल्टेजपासून मात्र दोन्ही डायोड वाचवत नाहीत. 14 आणि 28 व्होल्टला हेच सॉकेट वापरतात, म्हणून कॉइलचा करंट तोडणारं ओव्हरव्होल्टेज सर्किट लावाच आणि झाकणावर व्होल्टेज ठळक लिहा.

स्टार्टरचा कॉन्टॅक्टर इथे चालत नाही. तो काही सेकंदांसाठी असतो, बराच वेळ ओढून ठेवला तर कॉइल जळते. सतत चालणाराच घ्या.

प्लग घातला आणि 'खट्' आवाज नाही? बारक्या पिनेवर व्होल्टेज, फ्यूज, डायोडची दिशा आणि कॉइलचं ग्राउंड, या क्रमाने बघा. आवाज येतो पण स्टार्टर फिरवताना कॉन्टॅक्टर तडतडतो? बाहेरचा सोर्स कमजोर किंवा जाड पिनांचा संपर्क ढिला. स्टार्टर मंद फिरतो? चालू लोडवर एकेका जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटर लावा. नुसता 2 मिलिओहमचा गंजका लग (केबलच्या टोकाची कडी) 250 अँपिअरला अर्धा व्होल्ट खातो आणि 125 वॉट उष्णता काढतो. मायनस केबल पातळ पत्र्यावर न टेकवता मुख्य ग्राउंडवर न्या.

बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर बाहेरून इंजिन सुरू करून तसंच उडू नका. आधी ती नीट चार्ज करून तपासून घ्या.

काम झाल्यावर प्लग काढा, मास्टर स्विच (विमानाची बॅटरी जोडणारा) चालू ठेवा आणि सॉकेटच्या जाड प्लस पिनेवर मीटर लावा. व्होल्टेज दिसलं तर कॉन्टॅक्टर चिकटलाय किंवा कॉइल चुकीच्या पिनेवर आहे. प्रमाणित विमानात हे काम मंजूर ड्रॉइंगप्रमाणेच करायचं आणि परवानाधारक इंजिनिअरच्या सहीशिवाय विमान बाहेर काढायचं नाही.