पहिलं लग्न शूट करताय? सायलेंट शटर आधी बंद करा

एक्स्पोजर, फोकस, लेन्स तुम्हाला येतं हे धरून चालतो. म्हणून थेट मुद्दा: सायलेंट शटर, म्हणजे कॅमेऱ्याचं आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर, बंद करा, आत्ताच, घरी बसून. मंगलाष्टकांत खटखट नको म्हणून मिररलेसवाले (आत आरसा नसलेला कॅमेरा वापरणारे) नवखे हमखास तेच लावतात आणि सगळं लग्न घालवून बसतात.

आपली वीज ५० हर्ट्‌झची. हॉलमधले साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र सेन्सर ओळीओळीने वाचतं आणि बहुतेक कॅमेऱ्यांत त्याला १/१०० सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो. काही ओळी तेज उजेडात वाचल्या जातात, काही मंद. नवरीच्या कपाळावरून, मुंडावळ्यांवरून, शालूवरून काळपट आडवे पट्टे. कॅमेरा उभा धरलात तर उभे. एडिटिंगमध्ये ते धड निघत नाहीत.

मेकॅनिकल, म्हणजे खरा पडदा हलवणारं शटर लावा, वेग १/१०० किंवा १/५०. दिव्याचा पूर्ण फेरा प्रत्येक ओळीला मिळतो. १/२५० ला गेलात तर मेकॅनिकलवरही उजेड आणि रंग फोटोगणिक बदलतो. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (दिव्याच्या लुकलुकीशी जुळवून फोटो टिपणारी सोय) असेल तर चालू ठेवा. स्टेजमागे एलईडी वॉल असेल तर तिची लय वेगळी, तिथे १/१०० पुरेलच असं नाही. मुहूर्ताआधी तासभर सगळे दिवे लावायला सांगा, दोन-तीन वेगांवर फोटो काढा आणि स्क्रीनवर पूर्ण झूम करून बघा. लहान आकारात बारीक पट्टे सहज दिसत नाहीत.

एवढं केलंत की निम्मी भीती गेली. खरंच.

१/१०० ला हालचाल पुसट होते, म्हणून फ्लॅश हवा. त्याचा उजेड मांडवाच्या रंगीत कापडावर आपटून परत आणलात (बाउन्स) तर चेहऱ्यांवर कापडाचाच रंग. पांढरी भिंत किंवा छत शोधा. सेलचे दोन संच ठेवा, कारण थकलेल्या सेलवर फ्लॅश पुन्हा भरायला वेळ घेतो आणि अंतरपाट कुणासाठी थांबत नाही.

त्या क्षणाची जागा आधी ठरवा. अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार हे गुरुजींना विचारा आणि दोघांचे चेहरे बाजूने दिसतील असे उभे राहा. शेवटच्या ‘सावधान’ला अक्षतांचा मारा होतो आणि ऑटोफोकस हवेतल्या तांदळावर जाऊन बसतो. आधीच नवरीच्या डोळ्यावर फोकस घेऊन लॉक करा, अ‍ॅपर्चर एफ/४ ते ५.६. समोर मोबाइल उंचावणारे नातेवाईक येणारच. मामांना किंवा एखाद्या मावसभावाला आधी विनंती करून ठेवा, ते आवरतात. कानपिळी दोन-चार सेकंदांत आटोपते, नवरीच्या भावावर नजर ठेवा. लाजाहोमाच्या धुरात समोरून फ्लॅश मारू नका, नुसतं धुकं येतं.

माझं ठाम मत: पहिलं लग्न एकट्याने घेऊ नका, फुकटही नाही. जुन्या माणसाबरोबर सेकंड शूटर, म्हणजे दुसरा फोटोग्राफर, म्हणून जा. पण नुसत्या बॅगा उचलायला लावणारा उस्ताद नको. निवडक नाही, तर लग्नाचे सगळेच्या सगळे फोटो दाखवेल तोच शिकवेल. प्रीसेट (एडिटिंगची तयार सेटिंग्ज) विकत घेण्यात पैसे घालवू नका, चुकीचा उजेड त्याने सुधारत नाही.

रविवारचं लग्न असेल तर मुंबईत लोकलचा मेगाब्लॉक आदल्या दिवशीच बघा. दादरचा हॉल असला तरी मुलुंडहून निघताना तासभर जास्त धरा. मे महिन्यात एसी हॉलमधून बाहेर पडलात की लेन्सवर वाफ धरते. पाठवणीच्या पंधरा मिनिटं आधी बंद बॅगेतला कॅमेरा बाहेर नेऊन ठेवा.

कॅमेऱ्यात कार्डाचे दोन स्लॉट असतील तर दोन्ही कार्डांवर एकदम लिहू द्या. एकच असेल तर एका मोठ्या कार्डाऐवजी ६४ जीबीची दोन घ्या आणि जेवणाच्या पंगतीआधी बदला. घरच्यांच्या हातात फोटो पडेपर्यंत एकही कार्ड फॉरमॅट करू नका.