मोफत सॉफ्टवेअर: नुसतं नाव सांगू नका, पत्ताही सांगा

मावसभावाचा फोन आला, "व्हिडिओ चालत नाहीये." मी घाईत होतो. "व्हीएलसी टाक, सगळं चालेल," म्हणालो आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी पुन्हा फोन. व्हिडिओ चालत होता, पण ब्राउझर उघडला की भलतंच पान येत होतं आणि पडद्याच्या कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस" अशा चौकटी उगवत होत्या. त्याने सर्चमध्ये नाव टाकून सगळ्यात वरचा दुवा दाबला होता. तो दुवा जाहिरातीचा होता. व्हीएलसी तिथून खरंच मिळालं, पण सोबत आणखी तीन पाहुणे घेऊन आलं.

यात त्याची चूक कमी आणि माझी जास्त. घरच्या कॉम्प्युटरसाठी चांगली मोफत सॉफ्टवेअर भरपूर आहेत आणि त्यांच्यात सहसा खोट नसते. घोळ होतो तो ती कुठल्या दाराने घरात आली यावरून. त्यामुळे "कुठलं घेऊ?" असं कोणी विचारलं की नावासोबत पत्ताही द्यायचा, हे मी त्या दिवसापासून पाळतो.

पत्ते नावावरून ओळखता येत नाहीत

व्हीएलसीचा खरा पत्ता व्हिडिओलॅन डॉट ओआरजी आहे. नावात व्हीएलसी कुठेच नाही, म्हणून नवखा माणूस तो दुवा सोडून पुढे जातो. कारण साधं आहे. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी कॅम्पसच्या नेटवर्कवरून, म्हणजे लॅनवरून, व्हिडिओ पाठवण्याचा प्रकल्प हाती घेतला. प्रकल्पाचं नाव व्हिडिओलॅन, आणि त्यातला बघणाऱ्याच्या बाजूचा भाग म्हणजे व्हिडिओलॅन क्लायंट. त्याचंच व्हीएलसी झालं.

व्हिडिओचा आकार कमी करणारं हँडब्रेक त्याहून फसवं. त्याची अधिकृत साइट डॉट एफआरने संपते. ते शेपूट पाहून माणूस बिचकतो आणि ओळखीच्या डॉट कॉमकडे वळतो. झिप फाइली उघडणाऱ्या सेव्हन-झिपच्या पत्त्यात आकडा आणि झिप यांच्यामध्ये आडवी रेघ आहे, शेवटी डॉट ओआरजी. वर्डसारखी कामं करणारं लिब्रेऑफिस आणि फोटोंवर काम करायचं गिंप मात्र सरळ आहेत, नाव आणि पुढे डॉट ओआरजी. शंका आली तर विकिपीडियावर त्या सॉफ्टवेअरचा लेख उघडा. उजवीकडच्या चौकटीत अधिकृत साइटचा दुवा असतो, तिथूनच जा. सर्चच्या पहिल्या निकालापेक्षा मला तो रस्ता जास्त भरवशाचा वाटतो.

"सगळी सॉफ्टवेअर एकाच ठिकाणी" देणाऱ्या डाउनलोड साइट टाळाव्यात. एके काळी सोर्सफोर्ज हे मुक्त सॉफ्टवेअरचं मोठं माहेरघर होतं. गिंपच्या मंडळींनी २०१३ मध्ये तिथून विंडोजच्या फाइली हलवल्या, तरी जुनं पान तिथे राहिलं. २०१५ मध्ये त्या पानावरून मिळणारं गिंप जाहिराती लादणाऱ्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळलेलं असल्याचं उघड झालं आणि मोठा गदारोळ झाला. आत गिंप होतं, वेष्टन भलत्याचं होतं.

योग्य पत्त्यावर गेलं म्हणजे धोका शून्य, असंही नाही. मे २०१७ मध्ये हँडब्रेकच्या एका डाउनलोड सर्व्हरवरची मॅकची फाइल कोणीतरी बदलली आणि चार-पाच दिवस लोक ट्रोजन, म्हणजे कामाच्या सॉफ्टवेअरचा मुखवटा घातलेलं घातक सॉफ्टवेअर, उतरवून घेत होते. पण असे प्रसंग विरळा. चुकीच्या दाराने येणाऱ्या कटकटी मात्र रोजच्या.

पैसे मागितले म्हणजे दुकान खोटं, हा उलटा गैरसमजही असतो. चित्रं काढायचं क्रिटा त्याच्या साइटवर मोफत आहे आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये विकत मिळतं. दोन्ही ठिकाणी ठेवणारी माणसं तीच आहेत. स्टोअरमधले पैसे विकासाच्या खर्चाला हातभार म्हणून असतात.

"नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश"

इन्स्टॉल करताना "एक्स्प्रेस" आणि "कस्टम" असे पर्याय आले तर कस्टम निवडा. बहुतेक वेळा टूलबार, दुसरा ब्राउझर आणि अँटिव्हायरसच्या टिक केलेल्या चौकटी तिथेच दडलेल्या असतात. "डिक्लाइन" बटण मुद्दाम फिकट ठेवतात, म्हणजे ते दाबलं तर सगळंच रद्द होईल असं वाटावं. तसं होत नाही. दाबा, पुढचं पान येतं.

आधीच घोळ झाला असेल तर माझा क्रम असा. सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड अॅप्सची यादी तारखेनुसार लावायची. त्या दिवशी आलेलं सगळं एकत्र दिसतं, त्यातलं अनोळखी काढून टाकायचं. मग ब्राउझरमधली एक्सटेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेली छोटी पुरवणी सॉफ्टवेअर, पाहायची, आणि सर्च इंजिन व सुरुवातीचं पान पूर्ववत करायचं.

एवढं करूनही कोपऱ्यातल्या "व्हायरस"च्या चौकटी थांबत नाहीत, तेव्हा बरेच जण विंडोज पुन्हा टाकायला निघतात. थांबा. त्या चौकटी बहुतेक वेळा व्हायरस नसतातच, ब्राउझरची नोटिफिकेशन्स असतात. "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा" असं सांगणाऱ्या पानावर कोणीतरी अलाउ दाबलेलं असतं. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा आणि परवानगी दिलेल्या साइटच्या यादीतून ओळखीच्या नसतील त्या काढा. मावसभावाच्या यादीत अशा चार साइट निघाल्या. काम दोन मिनिटांचं होतं, पण ते सुचायला मला अर्धा तास लागला.

दोन पहारेकरी

विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीपासून असतं आणि घरच्या वापराला ते पुरतं. वर दुसरं अँटिव्हायरस टाकलं की डिफेंडर बाजूला होतं. वर तिसरंही टाकलं तर दोघं एकमेकांच्या फाइली तपासत बसतात आणि मशीन रडायला लागतं. नव्या लॅपटॉपमध्ये मुदतीचं अँटिव्हायरस आधीच भरलेलं असतं. मुदत संपली की ते फक्त पैसे मागत राहतं. ते काढून टाका आणि डिफेंडर परत चालू झालंय का, ते विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन पाहा.

झाडूवाले

"कॉम्प्युटर स्लो झालाय, एखादा क्लीनर सांग ना." मला सगळ्यात जास्त येणारी मागणी हीच, आणि मी ती कधीच पुरवत नाही. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग्जची नोंदवही, साफ केल्याने वेग वाढलेला मी पाहिलेला नाही, बिघाड झालेले पाहिलेत. खुद्द मायक्रोसॉफ्ट रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला पाठिंबा देत नाही. रॅम बूस्टर तर उलटं काम करतात. विंडोज रिकामी रॅम मुद्दाम वापरात ठेवतं, म्हणजे लागणाऱ्या गोष्टी हाताशी राहाव्यात. बूस्टर त्या बाहेर ढकलतो आणि मग त्या डिस्कवरून पुन्हा आणाव्या लागतात. प्रिंटर, साउंड अशा भागांना विंडोजशी जोडणाऱ्या ड्रायव्हरसाठी वेगळ्या अपडेटरचीही गरज नसते. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून किंवा कॉम्प्युटर बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्यावेत.

सीक्लीनर या सगळ्यांत नावाजलेलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या ५.३३ या आवृत्तीतच हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला. ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर पोहोचली. ज्याची मुळात गरजच नव्हती अशा सॉफ्टवेअरमुळे हे दुखणं ओढवावं, याचं वाईट जास्त वाटतं.

वेग खरंच कमी झाला असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. स्टार्टअपच्या यादीत मशीनबरोबर आपोआप उठणारी मंडळी दिसतील. नको ती बंद करा. डिस्क भरली असेल तर विनडर्स्टॅट टाका. कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते रंगीत चौकोनांत दिसतं. फक्त विंडोजच्या फोल्डरमध्ये हात घालू नका. "एवढा मोठा फोल्डर, उडवून टाकू" म्हणत विनएसएक्सएस पुसायला गेलेले लोक मला माहीत आहेत. ते फोल्डर विंडोजच्या दुरुस्तीचा कोठार आहे.

सगळं फुकट एकसारखं नसतं

झिपसारख्या फाइली उघडणारं विनरार मोफत आहे असं अनेकांना वाटतं. ते ४० दिवसांच्या चाचणीचं सॉफ्टवेअर आहे, मुदतीनंतरही चालत राहतं एवढंच. काही सॉफ्टवेअर फक्त घरगुती वापराला मोफत असतात. दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर हाताळायची बरीच साधनं तशी आहेत, आणि त्यावर ऑफिसचं काम चाललंय अशी शंका आली तर ती जोडणी तोडतात. सेव्हन-झिप, लिब्रेऑफिस, व्हीएलसी ही मुक्त परवान्याची, घरी वापरा किंवा दुकानात. आणि "क्रॅक" केलेलं महागडं सॉफ्टवेअर या यादीत बसतच नाही. "आधी अँटिव्हायरस बंद करा" असं ज्याच्या सूचनांत लिहिलंय, ते का लिहिलंय याचा क्षणभर विचार करा.

"लिब्रेऑफिसने माझी फाइल बिघडवली"

ही तक्रार नेहमीची, आणि तिच्यात थोडं तथ्यही आहे. दुसऱ्याने वर्डमध्ये केलेली फाइल उघडली की ओळी सरकतात, एक पान वाढतं, तक्ता खाली घसरतो. बहुतेकदा कारण फॉन्ट असतो. फाइल कॅलिब्री किंवा कँब्रियामध्ये आहे आणि तुमच्या मशीनवर ते फॉन्ट नाहीत, मग दुसऱ्या रुंदीची अक्षरं बसतात. कार्लिटो आणि कॅलाडिया हे मोफत फॉन्ट अनुक्रमे या दोघांच्याच मापाचे आहेत. ते असले की बरीचशी सरकासरक थांबते. स्वतःची कामाची प्रत ओडीटीमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या प्रकारात, ठेवा, समोरच्याला फक्त वाचायची असेल तर पीडीएफ पाठवा, आणि त्याला बदल करायचे असतील तरच डॉक्सएक्समध्ये, म्हणजे वर्डच्या प्रकारात, सेव्ह करा. दर वेळी डॉक्सएक्समध्ये उघडबंद करत राहिलं की किरकोळ बिघाड साठत जातात.

मराठीत लिहिणाऱ्यांची वेगळी अडचण असते. स्टाइलमध्ये फॉन्ट बदलला, आकार वाढवला, इंग्रजी बदललं आणि देवनागरी जशीच्या तशी! लिब्रेऑफिस रोमन लिपीचा आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा फॉन्ट वेगवेगळा ठेवतं. देवनागरीच्या सेटिंगला तिथे "कॉम्प्लेक्स" म्हणतात. बदल तिथेही करावा लागतो.

आणि लिब्रेऑफिस अचानक उघडेनासं झालं किंवा मेनू गायब झाले, तर काढून पुन्हा टाकू नका. त्याने फरक पडत नाही, कारण बिघडलेली वैयक्तिक सेटिंग्ज मागे तशीच राहतात. विंडोजच्या स्टार्ट मेनूत "लिब्रेऑफिस (सेफ मोड)" असतं, ते चालू करा आणि तिथून सेटिंग्ज मूळपदावर आणा.

अजूनही काही जण "ओपनऑफिस घे" असा सल्ला देतात. तो शिळा झालाय. लिब्रेऑफिस २०१० मध्ये त्याच्यातूनच वेगळं झालं आणि काम करणारी बहुतेक मंडळी तिकडे गेली. ओपनऑफिसची ४.१ ही शेवटची मोठी आवृत्ती २०१४ ची आहे, त्यानंतर किरकोळ दुरुस्त्याच झाल्या.

आवाज रेकॉर्ड आणि एडिट करायचं ऑडॅसिटी आणि गिंप वापरणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. "सेव्ह" केलं की प्रकल्पाची फाइल बनते, गाणं किंवा फोटो नाही. ती दुसऱ्याला पाठवली तर त्याच्याकडे उघडत नाही आणि दोष सॉफ्टवेअरला जातो. पाठवायची फाइल "एक्सपोर्ट"मधून काढावी.

फोटो पुसले गेले, आणि मग घाई

पुसलेल्या फाइली परत आणायला फोटोरेक चांगलं आहे. पण लोक सर्वांत मोठी चूक इथेच करतात. ज्या डिस्कवरून फोटो गेले, त्याच डिस्कवर सॉफ्टवेअर उतरवतात आणि सापडलेले फोटोही तिथेच सेव्ह करतात. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा फक्त रिकामी म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर नवं काही लिहिलं की जुनं कायमचं गेलं. म्हणून लक्षात येताच त्या डिस्कवरचं काम थांबवा. कॅमेऱ्याचं कार्ड असेल तर बाहेर काढून ठेवा. फोटोरेकला इन्स्टॉल करावं लागत नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्हवरून चालवा आणि सापडलेलं तिसरीकडे साठवा. फाइलींची मूळ नावं परत मिळत नाहीत, कारण ते नावाने शोधत नाही, आतल्या मजकुराच्या खुणेवरून शोधतं. हजार फोटो आकड्यांच्या नावांनी आले तर घाबरू नका.

कॉम्प्युटरमधल्या एसएसडीवरून, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कवरून, पुसलं असेल तर आशा कमी ठेवा. कुठल्या जागा रिकाम्या झाल्या ते विंडोज एसएसडीला लगेच कळवतं आणि ती त्या साफ करून टाकते.

टाकलं आणि विसरलं

बरीच सॉफ्टवेअर स्वतःहून नवी आवृत्ती आल्याचं सांगतात, सेव्हन-झिप सांगत नाही. पाच वर्षांपूर्वी टाकलेलं आजही मुकाट चालत असतं. इंटरनेटवरून आलेल्या फाइलला विंडोज एक खूण लावतं आणि तिच्यावरूनच "ही फाइल बाहेरून आली आहे" असा इशारा देतं. सेव्हन-झिपच्या जुन्या आवृत्त्यांत, मुद्दाम विशिष्ट पद्धतीने बांधलेल्या झिपमधून फाइल बाहेर काढली की ही खूण गळून पडत असे. नोव्हेंबर २०२४ च्या २४.०९ आवृत्तीत ते दुरुस्त झालं. विनरारमधली एक गंभीर फट ऑगस्ट २०२३ च्या ६.२३ मध्ये बुजवली गेली, तीही हल्लेखोरांनी वापरून झाल्यावर.

सेव्हन-झिप उघडा, हेल्पमधल्या अबाउटवर जा आणि आकडा पाहा. आडव्या रेघेच्या त्याच पत्त्यावर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा जुना असेल तर तिथूनच नवी फाइल आणा आणि जुन्यावरच चालवा. जुनं आधी काढावं लागत नाही.