कोल्हापुरातून तैवानशी कागदोपत्री व्यवहार

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीला तैवानशी व्यवहार करायचा असेल, तर दूतावास शोधू नका. भारताची तैवानला राजनैतिक मान्यता नाही. म्हणून दूतावासाऐवजी तैवानच्या राजधानीत, तैपेईत १९९५ पासून भारताची ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ आहे. तैवानचं ‘तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र’ दिल्ली, चेन्नई आणि २०२४ पासून मुंबईत आहे. तैवानचा व्हिसाही या केंद्रातूनच.

घोटाळा होतो तो कागदांत. ‘अपोस्टिल’ म्हणजे एकाच शिक्क्यावर दुसऱ्या देशाने कागद खरा मानण्याचा आंतरराष्ट्रीय करार. तैवान त्यात नाही, त्यामुळे अपोस्टिलचा स्टिकर लावलेलं मुखत्यारपत्र तिकडे चालत नाही. पैसे वाया जातात, ऑर्डर अडकते ती वेगळीच. आधी नोटरी, मग चेंबर ऑफ कॉमर्सचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साधं साक्षांकन आणि शेवटी तैपेई केंद्राचं. मधला टप्पा गाळला की पुढे कागद घेतच नाहीत.

कार्यक्रमाला या केंद्रातले पाहुणे बोलावताना पत्रिकेत ‘राजदूत’ छापू नका, मंचावर झेंडे नकोत. संस्थेचं नाव पुरेसं आहे. एवढ्याशा चुकीने पाहुण्यांचीच अडचण होते. दुहेरी कर टाळण्याचा २०११ चा करारही या दोन संस्थांच्याच सह्यांनी झाला. तैवानहून तांत्रिक सेवेची फी येणार असेल, तर या करारासाठी आयकर खात्याकडून कर-रहिवासी दाखला (करासाठी तुम्ही भारताचे रहिवासी असल्याचा पुरावा) आधीच घेऊन ठेवा.