भर उन्हात फिल्म कॅमेऱ्याने फिल फ्लॅश

दुपारच्या उन्हात टोपीखालचा किंवा पाठीवर ऊन घेतलेला चेहरा फिल्मवर काळवंडतो; फिल फ्लॅशचे, म्हणजे उन्हातही जोडीला वापरलेल्या फ्लॅशचे, काम ती सावली पुसण्याचे नसून सौम्य करण्याचे आहे.

सुरुवात शटरपासून करावी. पेंटॅक्स के१००० सारख्या कापडी पडद्याच्या कॅमेऱ्यात १/६० पेक्षा जलद वेग लावल्यास फ्लॅश चमकताना पडदा पूर्ण उघडलेला नसतो आणि चित्राचा काही भाग अंधारात राहतो. निकॉन एफएम२ च्या नंतरच्या आवृत्तीत ही मर्यादा १/२५० आहे, तर लीफ शटरला (भिंगातच बसवलेल्या पात्यांच्या शटरला) ती नसते.

उन्हात १०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचे माप) फिल्म आणि १/६० वेग असेल, तर पार्श्वभूमीसाठी भिंगाचे छिद्र सुमारे एफ/२२ लागते; हा आकडा मोठा, तितके छिद्र लहान. म्हणून अधिक संवेदनशील ४०० ची फिल्म येथे गैरसोयीचीच; तिला याहूनही लहान छिद्र लागेल. आता फ्लॅशचा गाईड नंबर, म्हणजे त्याची ताकद सांगणारा आकडा, १०० आयएसओला मीटरमध्ये ३२ असेल, तर त्याला व्यक्तीच्या अंतराने भागावे. २ मीटरवर उत्तर १६, म्हणजे एफ/१६ येते; म्हणून भिंग एफ/२२ वर असताना पूर्ण शक्तीचा फ्लॅशही एक स्टॉप (म्हणजे निम्म्याने) कमी पडतो, आणि आपल्याला नेमके तेवढेच हवे असते. ३ मीटरवर तो जवळजवळ दोन स्टॉप कमी होतो, जे मला अधिक नैसर्गिक वाटते.

स्वयंचलित फ्लॅश (परतलेला उजेड मोजून स्वतःच थांबणारा) असल्यास त्यावर एफ/११ साठीची श्रेणी निवडून भिंग एफ/२२ वर ठेवावे. श्रेणी आणि छिद्र जुळवले, तर चेहऱ्यावर सपाट, कृत्रिम उजेड पडतो.